जास्तीचा दोर

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोर वळला. घायपातीच्या वाखाचा, बारा वाव. दोन्ही हात फाकवून उभं राहिलं की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जेवढं भरतं तो एक वाव. आमच्या आडाला पाच वाव पुरतो. बारा कशाला, हे मी तिला त्या सकाळी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा तिने मला उडवून लावलं.

होळी होऊन आठ दिवस झाले असतील. मळवली स्टेशनाच्या अलीकडे रुळांच्या कडेने घायपात माजते. तिची पानं मी कापून आणून नदीच्या डबक्यात कुजत घातली होती. कुजल्यावर ती बडवायची, धुवायची, आतला धागा, म्हणजे वाख, मोकळा करून वाळवायचा, हे सगळं तिने केलं. लढाईची वर्षं होती. लोणावळ्याच्या बाजारात काथ्याचा दोर औषधालाही मिळत नव्हता. आडावरचा जुना दोर इतका झिजला होता की पोहरा वर येईपर्यंत जीव मुठीत धरून उभं राहावं लागे.

ऊन अंगणात यायच्या आत बसलो. मी बसून वाख पुरवायचा आणि तिने आकड्याच्या काठीने पीळ देत मागे मागे जायचं. असे तीन पेड करायचे, मग तिन्ही मिळून एक दोर. ती मागे जात जात गोठ्यापाशी गेली, गोठा ओलांडला, अंगण संपलं, तरी थांबेना.

मी ओरडलो, "अगं, कुटं चाललीस? टेसनाला जातीस का काय?"

"तुमी वाख सोडा. मला थांबायचं तवा थांबंन."

"पाच वाव लागतोय आपल्याला."

"व्हऊ द्या जास्तीचा."

"जास्तीचा कशाला? गळ्यात घालून मिरवनार हैस?"

"व्हय, मिरवनार. तुमी वाख सोडा."

दोर वळताना पलीकडचं माणूस दिसलं नाही तरी हातात येतं. ओढ घट्ट आहे की सैल, यावरून कळतं ते दमलंय, चिडलंय की कुणाशी बोलत उभं राहिलंय. अठ्ठावीस वर्षं मी तिची ओढ हातात धरत आलो. त्या सकाळी तिसऱ्या पेडाला ती एकदा सैल पडली. मी म्हणालो, "झोपलीस का?" लगेच दोर ताठ झाला. ती छातीला हात लावून उभी होती की नुसतीच वाटेकडे बघत होती, मला माहीत नाही. मी मान वर करून बघितलं नाही. वाखाकडे बघत होतो.

दोर झाला. तिने दोन्ही टोकांना गाठी मारल्या, वेटोळं करून खुंटीला टांगलं आणि म्हणाली, "जेवल्यावर तोडू. कोयत्याला धार लावा." मी धार लावली. आम्ही भाकरी आणि वालाचं कालवण खाल्लं. ती म्हणाली, जरा पडते. आडवी झाली ती झालीच. दिवेलागणीच्या आत आम्ही तिला पोचवून नदीवरून परतही आलो होतो.

दोर खुंटीला तसाच होता. बारा वाव.

आता एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी बायको खोटं बोलायची. लहानसहान नाही, चांगलं पोटभर आणि तोंडावरची रेष न हलवता. मी मात्र तोंडावर बोलणारा. पोटात एक, ओठांत एक, असं मला जमत नाही. वाडीत मला त्याबद्दल मान होता, असं मी समजायचो. लोक मला घाबरायचे, एवढंच ते होतं.

तिच्या खोट्याचा एक ठरलेला शब्द होता. जास्तीचं. "आमच्यात जास्तीचं झालंय." आमच्यात जास्तीचं कधी काही झालं नाही. खाचरं दोन, तीही डोंगराच्या पोटाला. पावसाळ्यात भात, बाकीचे महिने मी लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर माळीकाम करायचो. पण एखाद्या घरचं भाताचं रोप कुजलं की ही आमच्या रोपाच्या मुठी डोक्यावर घेऊन त्यांच्या बांधावर उभी. "मावशी, आमच्यात जास्तीचं झालंय. लावलं तर लावा, न्हाईतर म्हशीला टाका." मावशी रोप लावायची आणि वर हिलाच म्हणायची, "तुझं काम केलं गं बाई, कुटं फेकलं असतंस एवढं?" ही म्हणायची, "व्हय मावशी, लय उपकार झालं."

घरी आल्यावर मी भांडायचो. आपली एक बाजू रोपावाचून कोरी राहिली आणि तू उपकार मानून आलीस? तर म्हणायची, "तुमी टोपलंभर रोप दिलं आनि माझ्या डोक्यावर हात ठिवला, तर मी ती लावनी करू का तुमच्या पाया पडू? दोन कामं एकदम व्हत न्हाईत मानसाला."

मी म्हणायचो, लय मोठेपणा करतीस. हा शब्द मी तिला किती वेळा मारला असेल. आमच्याकडे मोठेपणा करणं म्हणजे मिरवणं. मनाचा मोठेपणा म्हणून दुसरी एक चीज असते आणि ती करायची नसते, असायची असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ती आपल्याच चुलीपाशी बसलेली असेल असं कुणाच्या डोक्यात येतं?

मला वाटायचं, मोठं मन बघायचं तर शेठचं. दर थंडीला शेठ बंगल्याच्या पायऱ्यांवर उभे राहायचे आणि आम्हा गडीमाणसांना ओळीने घोंगड्या वाटायचे. घोंगडी चांगली असायची, खोटं कशाला बोलू. एका वर्षी घरी येऊन मी तिला ती ओळ, त्या पायऱ्या, शेठचं हसणं, सगळं रंगवून सांगितलं. तिने घोंगडी हातात घेऊन बघितली, चांगली म्हणाली. मग विचारलं, "घेताना तुमी कुटं बघत व्हता?"

"कुटं म्हंजे? खाली."

"मंग शेठ हसलं ते कसं दिसलं?"

शेठ हसले ते मला नंतर दुसऱ्या गड्याने सांगितलं होतं. तिने घोंगडी झटकून मलाच पांघरायला दिली.

मी डावरा आहे. दोराच्या गोष्टीत हे लागतं म्हणून सांगतो. लहानपणी बापाने माझा डावा हात कमरेला बांधून बघितला, मास्तरांनी त्यावर छड्या मारल्या. दुसरीत शाळा सुटली, हात काही सुटला नाही. मी विळा डावा धरतो, वाखही डाव्या अंगाने सोडतो. त्यामुळे माझ्या दोराचा पीळ उलटा पडतो. वाडीत कुणाच्याही गोठ्यातलं दावं हातात घेतलं तर मी वळलेलं कुठलं ते आंधळासुद्धा सांगेल.

मानमोडीच्या साथीच्या दोन वर्षं आधी आमचं लग्न झालं. पहिल्या उन्हाळ्यात दोर वळायला बसलो तेव्हा तिने माहेरच्या सवयीने उजवा पीळ द्यायला घेतला. मी डावा, ती उजवी. अर्धी सकाळ वळलं आणि दोराऐवजी पिंजलेला वाख हातात आला. मी संतापलो. ती हसायला लागली. बसून हसली, डोळ्यांना पदर लावून हसली. मग उठली आणि म्हणाली, "दावा तुमचं कसं फिरतंय." एका सकाळीत तिने हात फिरवून घेतला. पुढे माहेरी गेली तरी तिथे तिला उजवा पीळ येईना, तिच्या आईने मला त्याबद्दल नावं ठेवली.

मी तिच्यासाठी काय फिरवलं, हे मी रोज सकाळी आठवून बघतो. अजून काही सापडलेलं नाही.

आता भाऊचं. भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही एका ताटात जेवून मोठे झालो. पाखरं राखायला जाताना त्याच्या गोफणी मीच वळून द्यायचो. वाटणी झाली तेव्हा त्याची खाचरं वर आली, माझी खाली, आणि वाडवडिलांचा आड माझ्या अंगणात आला. त्यावर काही वाद नव्हता. वरून पाणी माझ्या खाचरात उतरायचं, आणि त्याच्या घरची माणसं माझ्या आडावर यायची.

एका वर्षी पावसाने हस्तात पाठ फिरवली. भात पोटरीत आलेलं. भाऊने त्याच्या बांधाची मोरी बुजवून पाणी वरच धरलं. त्याचं भात कसंबसं निसवलं, माझं उभं वाळलं. मी त्याच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "तू माझं पानी आडवलंस, आता मी तुझं आडवतो. आजपासून तू मला मेलास." आणि घरी येऊन आडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. आत यायला एक फट ठेवली, ती आमच्या दाराकडून.

भाऊने मग वरच्या अंगाला स्वतःचा आड खणला. खाली कातळ. सात वाव गेला तेव्हा कुठे पाणी लागलं, तेही उन्हाळ्यात तळाला चिकटतं. वाडीत एवढा खोल आड दुसरा नाही. आमची वहिनी त्या आडावर वाकून वाकून पाणी शेंदायची आणि मी माझ्या पाच वावांच्या आडापाशी दात घासत बघायचो. अकरा वर्षं. मला वाईट वाटायचं का? नाही वाटायचं. खरं ते सांगतो.

हिने भांडण केलं नाही. काटे काढा म्हणून एकदाही म्हणाली नाही. उलट काट्यात पदर अडकला तर गुमान सोडवून घ्यायची.

भांडणानंतर तिसऱ्या वर्षी भाऊची आई गेली. माझी चुलती. मला खांद्यावर खेळवलेली बाई. वाडीतला एक जण सांगायला आला, मी म्हणालो, "आमी न्हाई येनार. आमाला सुतकबी न्हाई." भावकीत कुणी गेलं की सगळ्या भावकीला सुतक असतं. देवापुढे दिवा लागत नाही, दारात सडा पडत नाही, घरातली वस्तू बाहेरचा कुणी हातात घेत नाही. ते पाळायचं नाही म्हणजे नातं संपलं, असं जाहीर करणं. मी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला कामावर गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर देवापुढे अंधार. मी विचारलं, दिवा का नाही?

"त्याल संपलंय."

मी दुसऱ्या दिवशी बाजारातून तेलाची बाटली आणली. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत अंधार.

"आज काय झालं?"

"मांजरानं बाटली लवंडली."

"आपल्यात मांजार हाय?"

"आलंतं कुनाचं तरी."

दहा दिवस असं काहीतरी चाललं. सडा का नाही, तर कंबर दुखते. डोक्याला तेल का नाही, तर मांजर. मी कंटाळून विचारणं सोडलं. दिवाळीच्या सुमाराला मी भाताच्या कणगीत हात घातला आणि ती बाटली हाताला लागली. बुचापर्यंत भरलेली. मी ती तिच्यासमोर नेऊन ठेवली. ती बाटलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मांजरानं ठिवली आसंल."

मी तिच्यावर हात उगारायला हवा होता की हसायला हवं होतं, मला ठरवता आलं नाही. मी बाहेर जाऊन बसलो. माझ्या वाट्याचं सुतक तिने एकटीने, मला न कळू देता, धरलं होतं. नातं संपलं असं मी तोंडाने म्हणत होतो आणि ती माझ्याच घरात बसून ते जिवंत ठेवत होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी काटे काढले नाहीत. कळणं आणि हात हलणं यांत एवढं अंतर असतं, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

ती गेल्यापासून माझ्याशी कुणी खोटं बोलत नाही. लेक बेडश्याला दिलेली आहे. ती येते तेव्हा खरं खरं सांगते, आबा, तुमची तब्येत उतरली, आबा, भाकरी करपली. मी ऐकतो. कधी कधी दारात उभं राहून वाटतं, कुणीतरी यावं आणि मांजराने केलं म्हणावं.

आता त्या दिवसाचं संपवतो.

तिला नेताना तिरडी उचलायची वेळ आली. लेक आणि जावई तोवर येऊन पोचले होते. पुढे जावई आणि वाडीतला एक जण, मागे आणखी एक. चौथी जागा रिकामी होती. लोक माझ्याकडे बघत होते. भाऊ कुठून आला मी बघितलं नाही. मी तोंड उघडायच्या आत त्याचा खांदा तिरडीला लागला होता. नदीपर्यंत त्याने मधे खांदा बदलूही दिला नाही.

परत आल्यावर लेकीने घर सारवायला पाणी काढलं आणि आडावरचा जुना दोर अर्ध्यात तुटला. पोहरा बुडाला. रात्र कशीतरी शेजारच्या घागरीवर काढली.

सकाळी लेक म्हणाली, "आबा, पानी न्हाई."

मी खुंटीवरचा दोर काढला. धार लावलेला कोयता तिथेच होता. अंगणात उभा राहून मी दोर मोजायला लागलो. एक टोक उजव्या हातात, डावा हात लांब, एक वाव. दोन. पाचव्या वावावर कोयता मारला आणि आमच्या आडापुरता दोर बाजूला टाकला. मग उरलेला उगीच मोजला. मोजायचं काही कारण नव्हतं, हात थांबला नाही एवढंच.

सात भरला. कमी नाही, जास्त नाही.

सात वावांचा आड वाडीत एकच.

लेकीने दोनदा हाक मारली. मी सात वाव खांद्यावर टाकले आणि मागच्या अंगाने, खाचरांच्या बांधावरून वर गेलो. अकरा वर्षांत त्या बांधावर पाय ठेवला नव्हता.

भाऊच्या दारात सडा नव्हता. आडावर कुणी नव्हतं. मी रहाटापाशी गेलो आणि त्याचा दोर हातात घेतला.

त्या दोराला गाठी होत्या. दीड-दोन वावांवर एक एक गाठ. एवढे तुकडे जोडून सात वाव केलेले. पहिला तुकडा काळा पडलेला, दुसरा करडा, शेवटचा अजून पिवळसर. आणि सगळ्यांचा पीळ डावा. एका तुकड्यात निळी चिंधी वळलेली होती. त्या वर्षी वाख कमी पडला होता आणि तिने आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मला दिली होती. "घाला ह्येच्यात. व्हऊ द्या दोन वाव जास्तीचा, टोक झिजतं." दर खेपेला ती तसंच म्हणायची. टोक झिजतं. मी कधी विचारलं नाही की झिजलेलं टोक तोडल्यावर ते जातं कुठे.

मी त्या चिंधीवर अंगठा धरून उभा असताना मागून आवाज आला.

"वळखू आली का?"

भाऊ ओट्यावर बसला होता. कधीपासून, देव जाणे.

मी म्हणालो, "भाऊ."

एवढंच म्हणालो. अकरा वर्षांत तो शब्द तोंडाला लागला नव्हता. मग खांद्यावरचा दोर काढून पुढे केला. "ह्यो घे. जास्तीचा झालाय."

त्याने घेतला. पिळावरून बोट फिरवलं. "काल बघत व्हतो हितनं. ती पार माझ्या कुंपनापातूर आली मागं मागं. आन तू खालनं वरडत व्हतास, टेसनाला जातीस का म्हनून." त्याला हसू आलं आणि तोंड वाकडं झालं. "तिनं माझ्याकडं बघून तोंडाव बोट ठिवलं. गप ऱ्हावा म्हनून."

मी विचारलं, "माझ्या हातचा हाय ह्ये तुला ठावं व्हतं?"

"डावा पीळ वाडीत आनि कुनाचा हाय रं? गोफनी कोन देत व्हतं मला?"

"मंग घेतलास कसा?"

"घेत नव्हतोच. पयला तुकडा आनला तवा मीच म्हनलो, त्याच्या हातचं नगं आमाला. तर म्हनली, त्येनीच धाडलाय. पर त्येंला इचारू नका, त्येंचा सोभाव तुमाला ठावा हाय, त्येंला लाज वाटंल."

मी खाली बसलो. मला कधी कुणी असं वर उचललं नव्हतं, आणि तेही मी काटे लावून बसलेलो असताना. ते तसंच राहू द्यावं असं एक क्षण वाटलं. पण मला तिच्यासारखं जमत नाही. मी म्हणालो, "भाऊ, मला कायबी ठावं नव्हतं. मी न्हाई धाडला. ती खोटं बोलली."

"मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"आरं, काटं लावनारा दोर धाडील व्हय? आमी काय खुळं हावोत?" त्याने दोर मांडीवर ठेवला. "पर ती उनातानात काखंत दोर लपवून यायची. तिला खोटं पाडाया तोंड वर व्हईना. मी म्हनायचो, बरं हाय, सांगा त्याला भाऊनं घेतला म्हनून. ती म्हनायची, सांगते. सांगितलं का कधी?"

"न्हाई."

"मला वाटलंच."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा हात मला दिसला. तळव्यावर गाठींनी सोललेल्या जुन्या-नव्या खुणा होत्या. भाऊ म्हणाला, मागच्या पुनवेला तिने तो हात बघितला आणि म्हणाली, आक्का, अवंदा सबंध दोर देते.

मी उठलो. खाली आलो. कोयता घेतला आणि आडाभोवतीच्या काट्यांना हात घातला. अकरा वर्षांत ते एकमेकांत गुंतून भिंत झाले होते, दरवर्षी मीच वर नवे टाकत आलो होतो. एकट्याने ओढले की परत मागे यायचे. थोड्या वेळाने पलीकडून कुणीतरी बेचक्याच्या काठीने ढकलू लागलं. मी मान वर करून बघितलं. भाऊ होता. मी ओढायचो, तो ढकलायचा. पहिल्या दोन फांद्यांना आमचा मेळ बसला नाही, त्याने दोनदा मला टोचवलं.

"डावरा हैस ते इसरलोच," तो म्हणाला आणि बाजू बदलून उभा राहिला.

काटे अंगणाबाहेर नेऊन टाकले तोवर ऊन चांगलंच वर आलं होतं. वहिनी घागर आणि तो नवा दोर घेऊन खाली आल्या. आडाच्या काठाशी थांबल्या. इथून पाणी न्यायचं तर सात वाव दोर लागणारच नव्हता. भाऊच्याही ते ध्यानात आलं. वहिनींच्या हातातल्या नव्या दोराकडे बघून त्याने विचारलं, "मंग ह्येचं काय कराचं आता?"

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. जास्तीचा झाला."

या खेपेला ते खरं होतं. ती असती तर तोंडावरची रेष न हलवता म्हणाली असती, बघा, मी काय म्हनत व्हते.

मी घरातली कळशी पाच वाव दोराला बांधली, आडात सोडली, भरली तशी वर ओढली आणि वहिनींच्या घागरीत ओतली. मग भाऊच्या ओंजळीत ओतली. सुतकातल्या माणसाच्या हातचं पाणी वाडीत कुणी घेत नाही. त्या दोघांनी घेतलं. त्यांनाही तेच सुतक होतं.